पाय किती वाजता सुरू होतात?

२०२४ च्या ऑक्टोबरात काकी दवाखान्यात आल्या, त्या बसल्याच नाहीत. खुर्ची बाजूला सारून टेबलाला धरून उभ्या राहिल्या आणि एका पायावरचा भार दुसऱ्यावर घेत म्हणाल्या, “पुण्याला जाऊन आलो डॉक्टर. पेठ नाक्यापासनं एस्टीत उभाच होतो. जागा होती की, पण बसवंना. कंडक्टर चारदा म्हणाला, बसा म्हणून. त्याला काय सांगायचं?” कोल्हापूरची बाई स्वतःबद्दल ‘आलो, होतो’ असंच बोलणार. मग त्यांनी मनगट पुढं केलं. “आता हातातबी वळवळतंय.”

त्या मनगटाकडे बघताना मला लख्ख कळलं, की गेली सहा वर्षं मी जे औषध वाढवत आलो होतो, तेच काकींचा आजार, पाय स्वस्थ बसू न देणारा रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम, वाढवत होतं. ही नोंद त्यासाठी लिहितोय. काकींची आणि घरच्यांची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकी ५७ वर्षांच्या. मंगळवार पेठेत त्यांची खानावळ आहे. शिकायला आलेली तीस-पस्तीस पोरं दोन वेळ जेवायला असतात. पहाटे पाचला गॅस पेटतो, रात्री दहाला शेवटचं ताट उचललं जातं. २०१८ साली पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या होत्या, “अंथरुणाला पाठ लागली की पोटऱ्या ओढतात. हाडात मुंग्या चालल्यागत होतंय. उठून चाललं की थांबतंय, पडलं की परत सुरू.” घरच्यांनी ते थकव्यावर घातलं होतं. दिवसभर उभं राहिल्यावर पाय दुखणारच, असं सगळ्यांचं म्हणणं.

पण दुखणं आणि हे, यात फरक आहे. वांब आला तर पोटरीत गोळा होतो, तो हाताला लागतो. साखरेमुळं तळपाय जळजळत असतील तर चालून ती जळजळ जात नाही. रेस्टलेस लेग्ज सिंड्रोममध्ये बघायला काहीच नसतं. पाय हलवल्याशिवाय राहवत नाही, स्वस्थ बसलं की वाढतं, चाललं की तेवढ्यापुरतं थांबतं आणि संध्याकाळ-रात्र जास्त वाईट जाते. हे चार धागे जुळले आणि दुसरं कारण सापडलं नाही, तर निदान होतं. त्यासाठी स्कॅन लागत नाही, नीट ऐकून घ्यावं लागतं. थॉमस विलिस या इंग्रज वैद्याने १६७२ साली असे रुग्ण लिहून ठेवलेत आणि स्वीडनच्या कार्ल-अॅक्सेल एकबोम यांनी १९४५ मध्ये आजाराचं सविस्तर वर्णन केलं. तरी आजही निम्मे लोक ‘वात आहे’ म्हणून तेल चोळत बसतात, आणि आम्ही डॉक्टर कॅल्शियम लिहून देतो. माझ्याही पहिल्या केसपेपरवर कॅल्शियम आहे.

दुसऱ्या खेपेला मी प्रामिपेक्सोल दिलं, ०.१२५ मिलिग्रॅम, रात्री आठला. पहिल्याच रात्री काकी सहा तास झोपल्या. सकाळी डबा घेऊन स्वतः आल्या. त्या डब्याची आठवण मला आजही टोचते, कारण त्या यशामुळंच मी पुढं डोळसपणे बघितलं नाही.

ऑक्टोबरच्या त्या दिवशी सूनबाईंना जुने सगळे केसपेपर आणायला सांगितले आणि टेबलावर वर्षांप्रमाणे मांडले. २०१८: त्रास साडेनऊला सुरू, एक गोळी. २०१९ च्या अखेरीस: आठला सुरू, डोस दुप्पट. २०२१: सहाला सुरू, रात्रीचा डोस ०.५. २०२२: दुपारी चारपासून, म्हणून चारला आणखी ०.२५. २०२३: जेवणानंतर लगेच, म्हणून बाराला आणखी ०.२५. आता दिवसाला पूर्ण १ मिलिग्रॅम, आणि पाय सकाळी अकरालाच सुरू. प्रत्येक कागदावर माझंच अक्षर. दर वेळी वाढवल्यावर दोन-तीन महिने बरे जायचे आणि मग त्रास दीड-दोन तास अलीकडं सरकायचा. एकेकटा कागद वाचला तर काही खटकत नाही. पाच कागद शेजारी ठेवले की शेंबड्या पोरालाही दिसेल.

याला ऑगमेंटेशन म्हणतात. त्रास लवकर सुरू होणं, बसल्यावर पूर्वी अर्ध्या तासाने यायचा तो पाच मिनिटांत येणं, पायांतून हातांत शिरणं, डोस वाढवून तात्पुरतं बरं वाटून परत घसरणं. लेव्होडोपा या पार्किन्सनच्या औषधाबाबत हा प्रकार १९९६ सालीच नोंदवला गेला होता. प्रामिपेक्सोल आणि त्याच गटातलं रोपिनिरोल यांच्यातही तो होतो, जरा सावकाश. प्रामिपेक्सोल या आजारासाठी दिवसाला ०.५ मिलिग्रॅमच्या वर सहसा नेऊ नये. मी दुप्पट नेलं. पार्किन्सनच्या रुग्णांना हेच औषध कितीतरी मोठ्या मात्रेत देतात, म्हणून एक मिलिग्रॅमने हात थरथरला नाही. पण तो आजार वेगळा आणि हा वेगळा.

आत काय होतं ते मी काकींना गॅसच्या भाषेत सांगितलं. मेंदूत डोपामाइन नावाचा एक निरोप्या असतो, तो संध्याकाळनंतर तसाही कमी होतो. ही गोळी डोपामाइनच्या जागी जाऊन बसते आणि त्याचं काम करते. रोज बाहेरून ज्योत मोठी केली की आतली यंत्रणा स्वतःला त्या ज्योतीची सवय करून घेते, आणि गोळीचा असर उतरला की आधीपेक्षा जास्त गारठते. काकी म्हणाल्या, “म्हणजे सिलिंडर संपला नाय, बर्नर बिघडलाय.” पूर्ण शास्त्र यात बसत नाही, पण औषध वाढवून भागणार नाही एवढं त्यांना माझ्याआधी पटलं.

त्याच भेटीत सूनबाई घुटमळत होत्या. काकी वजनकाट्याकडं गेल्यावर हळूच म्हणाल्या, “डॉक्टर, आईंनी दीड वर्षात चाळीसेक साड्या घेतल्यात. रात्री जागून मोबाईलवर मागवतात. घड्या मोडल्या नाहीत. आधी असं नव्हतं.” हा प्रश्न खरं तर मी विचारायला हवा होता, दर खेपेला. या गटातल्या औषधांनी काहींना खरेदीचा, जुगाराचा, खाण्याचा किंवा लैंगिक वागण्याचा ताबा सुटतो. रुग्णाला तो औषधाचा परिणाम वाटत नाही, स्वतःचाच दोष वाटतो आणि तो लपवतो. काकींना मी समोर बसवून, म्हणजे उभं करूनच, सांगितलं की ही गोळीची करणी आहे. त्या रडल्या. सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्यासमोर.

एका मेंदूविकारतज्ज्ञांना सोबत घेतलं आणि आधी ठरवलं, की लगेच काहीच कमी करायचं नाही. गोळी एकदम बंद केली तर पाय भडकतातच, शिवाय ताप, ताठरपणा, गोंधळ असं गंभीर काही होण्याचा धोकाही असतो. आधी जमीन तयार करायची होती.

पहिलं काम लोहाचं. काकींचं हिमोग्लोबिन १२.४ होतं, म्हणून ‘रक्त चांगलं आहे’ असं मी वर्षानुवर्षं म्हणत आलो. फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, कधी तपासलंच नव्हतं. ते आलं १९. या आजारात फेरिटिन ७५ च्या खाली असेल तर लोह द्यावं असा संकेत आहे. प्रयोगशाळेच्या कागदावर मात्र १९ हा आकडा ‘नॉर्मल’च्या रकान्यात छापून येतो आणि तिथंच फसगत होते. मेंदूला डोपामाइन तयार करायला लोह लागतं. कोठार रिकामं असताना ऑगमेंटेशनही लवकर होतं. तपासणी सकाळी उपाशीपोटी करायची, आदल्या दिवशी लोहाची गोळी घ्यायची नाही, आणि अंगात ताप किंवा सूज असताना करायची नाही, कारण तेव्हा फेरिटिन खोटं वाढलेलं दिसतं.

पाळी थांबलेल्या बाईचं लोह कमी का, हाही प्रश्न सोडून चालत नाही. पोटातून रक्त जातंय का ते आधी बघितलं. दुर्बीण घातली, जठराला थोडी सूज निघाली, बाकी काही नाही. दोन गोष्टी मात्र सापडल्या. आम्लपित्तासाठी पँटोप्राझोल चार वर्षं रोज चालू होतं, आणि प्रत्येक जेवणावर लगेच चहा. दोन्हींनी लोह अंगी लागत नाही. पँटोप्राझोल हळूहळू सोडवलं, चहा जेवणानंतर दीड तासाने. डिसेंबरात लोहाचं इंजेक्शन, फेरिक कार्बोक्सिमाल्टोज १००० मिलिग्रॅम, शिरेतून दिलं, दवाखान्यात नाही, जिथं रिअॅक्शन आली तर सांभाळता येईल अशा ठिकाणी. आठ आठवड्यांनी फेरिटिन १६८ झालं. पायांना त्याचा फायदा दिसायलाही साधारण तेवढाच वेळ लागतो, म्हणून हे आधी उरकलं.

दुसरं काम नवीन औषधाचं. मूत्रपिंडाची तपासणी करून प्रेगाबालिन संध्याकाळी ७५ ने सुरू केलं आणि पाच आठवड्यांत २२५ पर्यंत नेलं: सहाला ७५, नऊला १५०. गाबापेंटिन आणि प्रेगाबालिन यांनी ऑगमेंटेशन होत नाही. पण काकींना आधीच सांगितलं होतं, की जुनी गोळी अंगात आहे तोवर नवीचं काम दिसणारच नाही. हे सांगितलं नसतं तर दहाव्या दिवशी त्यांनी ती पाकिटं परत आणून दिली असती. योगायोग असा, की आम्ही हे करत असतानाच जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या निद्रावैद्यक अकादमीची नवी मार्गदर्शक सूचना आली. त्यात प्रामिपेक्सोल नेहमीचं औषध म्हणून वापरू नये असं सुचवलं आहे, आणि लोह व गाबापेंटिनचा गट पुढे आणला आहे. वाचून हायसं वाटलं आणि वाईटही वाटलं.

तारीख काकींनीच निवडली. “पोरांच्या परीक्षा झाल्या की मे मध्ये खानावळ रिकामी. तेव्हा काय व्हायचं ते होऊ दे.” म्हणून शेवटची गोळी मेमध्ये थांबवायची असं मागून मोजत आलो. २० जानेवारीला पहिलं पाऊल: दुपारची मात्रा आधी कमी, रात्रीची सगळ्यात शेवटी, एका वेळी ०.१२५ च, दर आठवड्याला. प्रत्येक पावलाला पाय तीन-चार दिवस उसळायचे आणि मग जरा निवायचे. एक वही केली. त्यात तीनच रकाने: किती वाजता सुरू, किती झोप, मन कसं.

तो तिसरा रकाना मी जवळजवळ वगळणार होतो. ३ फेब्रुवारीला मात्रा ०.६२५ वर आली आणि त्याच आठवड्यात काकी पहाटे चारला दरदरून घाम येऊन उठल्या. छातीत धडधड, कोणीतरी मागं लागल्यासारखी भीती, भात लावताना मध्येच रडू. घरच्यांना वाटलं हार्टच आहे, रातोरात नेऊन कार्डिओग्राम काढला. तो साफ होता. वहीत त्या दिवशीच्या रकान्यात एवढंच आहे: “जीव नको वाटतो.” मी स्पष्ट विचारलं, जिवाचं बरंवाईट करावं असं येतं का मनात. म्हणाल्या, “तसं नाय. पण गोळी दिली तर आत्ता सगळं थांबंल, हे माहिताय मला. तेच लई वाईट.”

डोपामाइनची औषधं सोडताना काही जणांना हे होतं: घबराट, घाम, उदासी आणि त्याच गोळीची ओढ. ज्यांना खरेदी-जुगारासारखा त्रास झालेला असतो त्यांच्यात जास्त. चिंतेच्या नेहमीच्या गोळ्यांनी ते फारसं हलत नाही. गोळी वाढवली की लगेच थांबतं, आणि सापळा तो हाच. शिवाय झोपेसाठी किंवा उदासीसाठी अॅमिट्रिप्टिलिनसारखं काही दिलं असतं तर पाय आणखी पेटले असते. आम्ही मागं गेलो नाही, पुढंही गेलो नाही. तीन आठवडे ०.६२५ वरच थांबलो. घरी सूनबाईंनी मोबाईलमधून खरेदीचं सगळं काढून टाकलं. मालक, म्हणजे काकींचे यजमान, रोज संध्याकाळी त्यांना रंकाळ्यावर चालायला न्यायला लागले. माणूस तसा अबोल, पण एकही दिवस चुकला नाही. माझ्या कोणत्याही औषधापेक्षा त्या फेऱ्यांवर माझा जास्त विश्वास बसला आहे. २४ फेब्रुवारीपासून पुढची पावलं दोन-दोन आठवड्यांनी टाकली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ०.१२५ उरलं आणि तिथं जवळजवळ महिनाभर राहिलो.

रविवार, ४ मे २०२५. शेवटची गोळी.

पुढच्या रात्रींची मी सगळ्यांना आधी कल्पना दिली होती. खानावळीच्या स्वयंपाकघरात उभं राहून मालक, मुलगा, सून आणि दहावीतली नात यांना सांगितलं: चार ते दहा रात्री भयंकर जातील, दोन-तीन रात्री झोप शून्यही असेल. तो आजाराचा खरा चेहरा नाही, औषध निघून जाताना घेतं ती वसुली आहे. मधल्या रात्री ‘हे असंच राहणार’ असं वाटेल आणि तिथंच लोक परत गोळी घेतात. म्हणून उरलेल्या गोळ्या घरात ठेवल्या नाहीत, दवाखान्यात माझ्या ताब्यात घेतल्या.

वहीतून: ५ तारखेला तीन तास. ६ ला दीड. ७ ला चाळीस मिनिटं. ८ तारखेला शून्य, आणि त्या रात्रीचा दोष पूर्णपणे निसर्गाचा नव्हता. वळवाने भिजल्यामुळं काकींना शिंका येत होत्या. मुलाने औषधाच्या दुकानातून सर्दीची साधी गोळी आणून दिली. त्यात क्लोरफेनिरामिन होतं. सर्दीची, खाजेची झोप आणणारी औषधं या पायांवर तेल ओततात. उलटीची मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझिनही तसलीच. लागलीच तर डोम्पेरिडोन चालतं. मी ही यादी तोंडी सांगितली होती, लिहून फ्रिजवर चिकटवली नव्हती. पहाटे पाचला मुलाचा फोन आला तेव्हा काकी गच्चीवर अनवाणी फेऱ्या मारत होत्या आणि भिंतीवर पोटऱ्या आपटत होत्या.

९ तारखेपासून तज्ज्ञांच्या सल्ल्याने ट्रॅमाडॉल ५० मिलिग्रॅम, रात्री एक, मोजून सहा. अशा रात्रींत अफूच्या गटातलं औषध थोड्या मात्रेत सगळ्यात उपयोगी पडतं, पण प्रेगाबालिनबरोबर ते श्वास मंदावू शकतं. म्हणून काकी घोरतात का, दमा आहे का, हे आधी विचारून घेतलं होतं. त्या रात्री गच्ची बंद, कारण चक्कर येऊन जिन्यावरून पडण्याची भीती. आणि सहाच्या वर एकही नाही, कारण ट्रॅमाडॉलची सवय लागते आणि लांबलं तर त्यानेही ऑगमेंटेशन होऊ शकतं.

पण त्या रात्री खऱ्या तारल्या त्या वाकळीने. मन कशात तरी गुंतलं की पाय काही वेळ गप्प बसतात. टीव्ही बघून हे होत नाही, हाताला आणि डोक्याला दोन्हीला काम लागतं. काकींनी त्या न नेसलेल्या चाळीस साड्यांपैकी सहा उसवल्या, ओट्याशी उंच स्टुलावर टेकून बसल्या आणि रात्रभर टाके घातले. मी ११ तारखेला रात्री साडेअकराला डोकावलो. स्वयंपाकघरात एकच दिवा, खाली गार पाण्याच्या घमेल्यात पाय, शेजारी नात काशाची वाटी घेऊन आळीपाळीने एकेक पोटरी घासत होती. जोरात घासलं की ती वळवळ जरा मागं हटते. काकींनी मान वर न करता म्हटलं, “बसा डॉक्टर. हा काठ संपू दे.” आणि मग, “बघा, अर्धा तास झाला, मी बसलोय.”

१५ मे ला चार तास. १७ ला पाच. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्रास रात्री दहाच्या आधी येईना, हातांतला तर पूर्ण गेला. पहाटेचा घाम आणखी महिनाभर रेंगाळला आणि मग कधी गेला ते वहीतही सापडत नाही.

सगळं छान झालं असं नाही. प्रेगाबालिनने चार किलो वजन वाढलं, घोट्यांना सूज आली, सकाळी डोकं जड. जुलैत मात्रा १५० वर आणली, सूज उतरली, वजन अजून आहे. आठवड्यातून एखादी रात्र पाय ओढतातच. हा आजार गेलेला नाही, पूर्वी जिथं होता तिथं परत जाऊन बसला आहे. प्रेगाबालिनही मनाने बंद करायचं नाही, तेही उतरवतच सोडावं लागतं, हे काकींना पाठ आहे. ही नोंद वाचून कुणी आपल्या गोळ्या मोजायला बसू नये. वरचे आकडे काकींचे आहेत, त्यांच्या मूत्रपिंडाचे आणि त्यांच्या फेरिटिनचे.

माझ्या दवाखान्यात प्रामिपेक्सोल किंवा रोपिनिरोल चालू असलेले आणखी चार जण निघाले. चौघांनाही बोलावून एकच प्रश्न विचारला: पाय आता किती वाजता सुरू होतात, आणि गोळी सुरू केली तेव्हा किती वाजता व्हायचे? दोघांचं उत्तर दोन तासांहून जास्त अलीकडं सरकलं होतं. दोघांचंही फेरिटिन पन्नासच्या आत आलं. त्यांचं काम आता सुरू आहे, आणि या वेळी सर्दीच्या गोळ्यांची यादी मी आधीच छापून दिली आहे.

ऑगस्टमध्ये काकी पुण्याला भाचीच्या लग्नाला गेल्या. खिडकीची जागा धरून बसल्या होत्या म्हणे, मध्ये एकदाच उठल्या, साताऱ्याला, चहासाठी. पुढचं फेरिटिन डिसेंबरात करायचं आहे. वही अजून चालू आहे, फक्त आता ती ओट्याशेजारी मसाल्याच्या डब्यावर असते आणि तिच्या मागच्या पानांवर दुधाचा हिशेब लिहिला जातो.